इंग्रजीच्या क्लासचा रिव्ह्यू: एका शब्दावर दीड तास

लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले, पण कापूस घरात येईपर्यंत आमच्याकडे कोणाचाच हात मोकळा नसतो. आता तिसरा वेचा आटोपला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायची तेवढी राहिली, म्हणून आज दुपारी बसले लिहायला.

तर रिव्ह्यू आहे इंग्रजीच्या क्लासचा. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथं स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एक रिटायर मॅडम घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. बोर्ड नाही, पाम्प्लेट नाही. नाव टाकू का म्हणून मी विचारलं तर नको म्हणाल्या, खोलीत बारा माणसांच्या वर कोणी बसत नाही आणि दारावरून माणूस परत पाठवायला त्यांना आवडत नाही. म्हणून नाव लिहीत नाही, पण त्या भागातल्या कोणाला बरोबर समजेल मी कोणाबद्दल बोलून रायली ते.

माझं सांगायचं तर मी बचत गटाचे हिशेब पाहते, बीए मुक्त विद्यापीठातून केलं, घरी चार एकर वावर आहे, त्यातली दोन एकर पऱ्हाटी. इंग्रजी वाचता येते पण समजते तेव्हा अर्धं समजते असं होतं. आणि क्लास लावायचं कारण फक्त एक शब्द होता, खरंच एकच.

पोरगी सातवीत आहे. तिच्या गाइडमध्ये लिहिलेलं, डिलिजंट म्हणजे मेहनती. ठीक. त्याच आठवड्यात गटाच्या कर्जाचे कागद घेऊन मी बँकेत गेले तर तिथल्या केवायसीच्या कागदावर छापलेलं, कस्टमर ड्यू डिलिजन्स. आता डिलिजंट म्हणजे मेहनती तर डिलिजन्स म्हणजे मेहनत, मग बँक माझी कागदपत्रं तपासते त्यात ग्राहकाची मेहनत कुठून आली? घरी येऊन पोरीनं अजून एक काढलं, म्हणे आई हार्ड वर्किंग म्हणजे पण मेहनती लिहिलं आहे, इंडस्ट्रियस म्हणजे पण मेहनती, असिड्युअस म्हणजे पण मेहनती, मग इंग्रजांनी चार चार शब्द काऊन ठेवले? मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं, कारण पोरगी बरोबर विचारत होती.

याच्या आधी मी एक क्लास करून बसले होते, दुसऱ्या गावी, तीन वर्षांपूर्वी. ३,५०० रुपये एकदम भरून घेतले आणि ५०० शब्दांची झेरॉक्स हातात दिली. त्यात हे चारही शब्द एकाखाली एक होते आणि समोर चार वेळा मेहनती लिहिलेलं. मी तेव्हाही विचारलं होतं फरक काय, तर सांगितलं परीक्षेत एवढंच येते ताई, पाठ करा. मी पाठ केलं. पंधरा दिवसांत उडून गेलं डोक्यातून. ते पैसे कापसाचे होते, मला अजून आठवतात.

म्हणून या मॅडमकडे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारून टाकलं. त्या म्हणाल्या बुधवारी या, बुधवारी तोच शब्द घेऊ. आणि बुधवारी अख्खा दीड तास तोच घेतला.

सुरुवात मराठीतून केली हे मला सगळ्यात आवडलं. म्हणाल्या, काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय काय म्हणतात, सांगा. मग सगळे सुटले, कष्टाळू, मेहनती, कामसू, उद्योगी, राबणारा, झटणारा, खपणारा, कृषी केंद्रात काम करणारा एक पोरगा आहे तो म्हणाला बैलासारखा राबणारा. फळा भरला. मग म्हणाल्या आता एकेक शब्द फोडून पाहू आत काय निघते. कष्ट हा संस्कृतातून आलेला, त्यात दुःख आहे, त्रास आहे, आपण म्हणतोच ना कष्टानं दिवस काढले. मेहनत अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आली, अरबीत मिहना म्हणजे संकट, कसोटी, यातना. इंग्रजीतलं लेबर लॅटिनमधून आलं, तिथंही त्याचा अर्थ श्रम आणि हाल. आणि फ्रेंचमध्ये कामाला त्रावाय म्हणतात, त्याचं मूळ तर त्रिपालियुम, तीन खुंटांचं छळ करायचं साधन. खोलीत एकदम शांत झालं होतं. आमच्यात एक आशाताई आहे, ती हळूच म्हणाली, म्हणजे जगात सगळीकडेच काम म्हणजे त्रास.

मॅडम म्हणाल्या थांबा, सगळीकडे नाही.

मग उद्योगी घेतला. उद् आणि युज्, युज् म्हणजे जोडणं, बैल जुंपणं. त्याच धातूतून संस्कृत युग आणि त्यातून आपलं बैलाच्या मानेवरचं जू, आणि इंग्रजीत त्याला योक म्हणतात तो पण त्याच मुळाचा, हजारो वर्षांमागचे एकाच घरचे शब्द. मी इतकी वर्षं उद्योगी म्हणत आले आणि त्यात जू आहे हे कधी दिसलं नव्हतं. याच्या जोडीला इंडस्ट्रियस घेतला. लॅटिन इंदुस्त्रिया, त्यात इंदु म्हणजे आत आणि स्त्रुएरे म्हणजे रचणं, एकावर एक ठेवून उभं करणं, बहुतेक जाणकार त्याची फोड अशी करतात. स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन, इन्स्ट्रक्शन हे सगळे त्याच स्त्रुएरेचे. म्हणजे इंडस्ट्रियस माणूस आतून काहीतरी रचत राहणारा, हात रिकामा न ठेवणारा. आणि इंडस्ट्री हा शब्द इंग्रजीत आधी माणसाचा गुण होता, कारखाना हा अर्थ मागून चिकटला. एमपीएससीवाली दोन पोरं इंडस्ट्रियल आणि इंडस्ट्रियसमध्ये नेहमी चुकायची, इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचं, एमआयडीसीतलं, आणि इंडस्ट्रियस म्हणजे माणूस, हे त्या दिवशी दोघांच्या डोक्यात एकदाचं बसलं.

असिड्युअसपण झाला, तो अवघड वाटतो पण सोपा आहे. आद म्हणजे जवळ, सेदेरे म्हणजे बसणं. जो कामाजवळ बसून राहतो, उठत नाही तो. आपल्या संस्कृतातला सद् धातू म्हणजे तोच बसणं, सदन, संसद, उपनिषद सगळ्यांत तो आहे. मला तर लगेच जागलीला जाणारा माणूस दिसला, डुकरांपासून हरभरा वाचवायला रात्रभर वावरात बसून राहणारा. तो काही फार अंगमेहनत करत नाही, फक्त उठत नाही. मी तसं बोलले तर मॅडमनं फळ्यावर असिड्युअसच्या पुढं जागल असंच लिहिलं, कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही असा अर्थ.

आणि मग डिलिजंट.

हा लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. मूळ दिलिगेरे. त्याचे दोन तुकडे, दिस म्हणजे वेगळं, बाजूला, आणि लेगेरे म्हणजे वेचणं.

वेचणं. मॅडमनं शब्द मराठीत लिहिला आणि खोलीतल्या आम्ही पाच बाया एकदम एकमेकींकडे पाहायला लागलो, कारण त्या दिवशी सकाळी पाचहीजणी कापूस वेचून आलो होतो. माझ्या नखांत बोंडाचे काटे टोचलेले तसेच होते.

म्हणजे दिलिगेरे म्हणजे वेचून वेगळं काढणं. दहांतून एक उचलायचं म्हणजे तो एक आपल्याला मोलाचा वाटतो, आवडतो, म्हणून पुढं दिलिगेरेचा अर्थच झाला जीव लावणं, प्रेम करणं. बायबलच्या लॅटिन भाषांतरात शेजाऱ्यावर प्रेम कर असं जे वचन आहे त्यात हेच क्रियापद आहे, दिलिगेस. आणि ज्या गोष्टीवर जीव आहे ती माणूस लक्ष देऊन, काळजीनं करतो, म्हणून डिलिजंट. कष्टात दुःख, मेहनतीत यातना, लेबरमध्ये हाल, आणि या एका शब्दात प्रेम. मॅडम याच्यासाठीच थांबा म्हणाल्या होत्या.

उलटा शब्दपण त्याच मुळाचा निघाला. नेग्लेक्ट. नेक म्हणजे नाही, पुढं तेच लेगेरे. न वेचलेलं, न उचललेलं. बोंड फुटून कापूस लोंबून रायला, खाली पडून मातीत मिसळून रायला, आणि कोणी हात लावला नाही, ते नेग्लेक्ट. सिलेक्ट म्हणजे वेचून वेगळं ठेवणं, कलेक्ट म्हणजे वेचून एकत्र करणं, इलेक्ट म्हणजे वेचून बाहेर काढणं, आणि इलेक्शनला आपण निवडणूक म्हणतो ती पण निवडण्यातलीच, तांदूळ निवडतो तशी. इंटेलिजंट म्हणजे दोघांच्या मधून बरोबर ते निवडता येणारा. आणि लेगेरेचा दुसरा अर्थ वाचणं पण आहे, लेक्चर तिथून आला, कारण वाचणारा अक्षरं वेचतो. मी म्हटलं मॅडम आपल्याकडे पण वेचणं आणि वाचणं किती सारखं, तर त्यांनी लगेच थांबवलं. म्हणाल्या ऐकायला सारखं आहे, मूळ एक नाही, आपलं वाचणं हे वाच् म्हणजे बोलण्यापासून आलं. सारखं ऐकू आलं की नातं जोडायचं नाही. हे मला फार पटलं. वाहवा मिळवायला त्यांनी हो म्हटलं असतं तर आम्ही कोणी तपासायला जाणार नव्हतो. पण आपल्या वेच्याची गोष्ट त्यांनी स्वतः काढली, कापसाचा पहिला वेचा दुसरा वेचा म्हणतो, आणि पुस्तकातला उतारा असतो त्यालाही वेचा म्हणतात, तो मात्र खराच एक शब्द आहे.

आता ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर मला हा शब्द एवढा का भिडला ते कळणार नाही. वेचणीला किलोमागे पैसे असतात. म्हणजे जी बाई जास्त ओढेल तिला जास्त मजुरी, आणि खसाखसा ओढलं की पाती, काडी, कवडी सगळं कापसाबरोबर ओटीत येते. कवडी म्हणजे किडलेलं, अर्धवट फुटलेलं, पिवळं पडलेलं बोंड. अशी बाई हार्ड वर्किंग आहेच, उन्हात दिवसभर वाकून राहणं सोपं नाही, तिला मी नाव ठेवणार नाही, तिच्या घरी पैसे लागतात. पण माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, त्यांचं वेचणं वेगळं आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाल्याशिवाय पहिल्या बोंडाला हात लावू देत नाहीत. दव उतरल्याशिवाय वावरात शिरू देत नाहीत, कारण ओला कापूस गंजीत तापते आणि सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. बोटं बोंडाच्या मुळापर्यंत घालून चारही पाकळ्यांमधला कापूस एकदम उचलतात, पाती चिकटली तर तिथल्या तिथं काढून टाकतात, आणि कवडीची गाठ पदराला वेगळी. ओटीतला कापूस कापसासारखा पांढरा. दिवसाला त्यांचं वजन माझ्यापेक्षा कमी भरते आणि मी कितीदा मनात म्हटलं असेन की आत्याबाई हळू आहेत.

त्या बुधवारी खोलीत बसून मला त्यांचा हात दिसत होता. दिस, लेगेरे. वेगळं काढून वेचणं. याला आपल्याकडे शब्द आहे, निगुतीनं. निगुतीनं करणारी बाई. गाइडवाल्यानं मेहनतीच्या जागी तेवढं लिहिलं असतं तर पोरीला आणि मला दोघींनाही पहिल्याच दिवशी समजलं असतं.

बँकेचा कागदपण तिथंच सुटला. ड्यू म्हणजे जेवढी असायला पाहिजे तेवढी, डिलिजन्स म्हणजे निगुतीनं पाहणं, खरं खोटं वेगळं काढणं. ग्राहक खरा आहे का, पत्ता खरा आहे का हे बँकेनं वेचून पाहायचं, हे काम बँकेचं. आता गटाच्या मीटिंगमध्ये बाया विचारतात इतके कागद कशाला मागतात, तर मी असंच सांगते, कवडी वेगळी करतात म्हणून.

एक गोष्ट अजून, फ्रान्समध्ये पूर्वी सवारीच्या घोडागाडीला डिलिजन्स म्हणायचे. तिथं त्या शब्दाला तत्परता, घाई असा अर्थ चिकटला होता, म्हणून जलद गाडी ती डिलिजन्स. एमपीएससीवाल्या एका पोरानं विचारलं मग खरा अर्थ कोणता, काळजीनं का घाईनं? मॅडम म्हणाल्या शब्द जिथं जाईल तिथल्या लोकांच्या हातात असतो, मूळ माहीत असलं तरी आज लोक कसा वापरतात ते पाहूनच आपण वापरायचा. आजच्या इंग्रजीत डिलिजंट म्हणजे लक्ष देऊन, सातत्यानं, काळजीनं काम करणारा, पेपरात तेच लिहा, प्रेम लिहून येऊ नका. हे त्यांनी बजावून सांगितलं ते बरं केलं, कारण मी तर प्रेमच लिहिलं असतं.

घरी येऊन पोरीला सांगितलं. तिनं वहीत वाक्य केलं, माय ग्रँडमदर इज अ डिलिजंट पिकर. आत्याबाई बाजूला सरकी वेगळी करत बसल्या होत्या, म्हणाल्या, "काय लिहिलं वं माह्याबद्दल?" पोरगी म्हणाली, "आजी, तू कवडी वेगळी काढतं असं लिहिलं." तर म्हणतात, "त मंग? चांगल्या कापसात कवडी मिसळते का कोनी?" आणि परत सरकीत हात.

आता क्लासबद्दल बाकीचं, नाहीतर लोक म्हणतील रिव्ह्यू म्हणून एका शब्दाचंच पुराण सांगितलं. फी महिन्याला ६०० रुपये, महिना भरल्यावर द्यायची, आगाऊ घेत नाहीत. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते साडेचार. खोलीवर टीन आहे, ऑक्टोबरच्या उन्हात तापते, एक पंखा आहे तो फळ्याकडे, मागं बसणाऱ्याला काही लागत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढची सतरंजी पकडायची. पाणी आपलं आपण न्यावं. नोट्सच्या झेरॉक्स त्या देत नाहीत, वहीत लिहून घ्यावं लागते, मला सुरुवातीला त्याचा राग आला पण आता लिहिलेलं तरी लक्षात आहे.

खऱ्या तक्रारी दोन. एक तर बोलायची प्रॅक्टिस कमी होते. एका शब्दावर दीड तास जातो म्हटल्यावर बोलायला वेळ कुठून येणार. ज्यांना पंधरा दिवसांत पुण्याला इंटरव्ह्यू आहे आणि फाडफाड बोलता आलं पाहिजे त्यांनी इथं येऊ नये, त्यांचं काम होणार नाही आणि ते मॅडमला नावं ठेवतील. मी मॅडमला हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि आता शनिवारी शेवटचा अर्धा तास फक्त बोलायचा ठेवला आहे, तो चांगला चालू आहे पण अजून अर्ध्या तासाची गरज आहे. दुसरी तक्रार, बॅच एकच. माझ्यासारखी बीए झालेली आणि आठवी शिकलेली आशाताईची जाऊ एकत्र बसतात, तिला व्याकरणाच्या दिवशी काही समजत नाही आणि ती गप्प बसते. मुळांच्या दिवशी मात्र तीच सगळ्यात पुढं असते, कारण जू, जागल, वेचणं हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण व्याकरणासाठी वेगळी बॅच पाहिजेच.

कोणासाठी चांगला आहे तर ज्याला इंग्रजी वाचायचं आहे, कागद समजून सही करायची आहे, पोरांना घरी शिकवायचं आहे. शब्द पाठ करून विसरणाऱ्यांसाठी तर नक्कीच. मी तीन महिन्यांत मोजून चाळीसेक मुळं शिकले असेन पण त्यांच्यातून निघालेले शब्द दोन-अडीचशे होतात, आणि त्या ५०० शब्दांच्या झेरॉक्समधले पाचही आठवत नव्हते. मागच्या आठवड्यात पोरगी निग्लिजन्स घेऊन आली, पेपरात अपघाताच्या बातमीत होता, मी डिक्शनरी न काढता सांगितलं, पाहायला पाहिजे होतं ते कोणी पाहिलं नाही. तिनं गाइडमध्ये पाहिलं, निष्काळजीपणा. बरोबर निघालं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक बोलण्याच्या प्रॅक्टिसचा कापला, तो त्यांनी अजून अर्धा तास वाढवला की देईन.

जायचं असेल तर अडीचची एसटी पकडा, ती तीनच्या आधी स्टँडवर सोडते. परतीची पाचची चुकली तर मग थेट पावणेसातलाच, आणि थंडीत पांदणीनं अंधार लवकर पडते, म्हणून गावातल्या दोघीजणी मिळून लावा. नवीन लोक त्या होळीनंतर घेणार आहेत, तोपर्यंत सगळ्यांच्या पऱ्हाट्या उपटून होतील आणि मागच्या सतरंजीवरच्या बाया परत यायला लागतील, म्हणून जागा धरायची असेल तर आत्ताच सांगून ठेवा.